दाजींच्या अंगणातली हरणं

दाजींच्या अंगणात जायचं तर चपलांबरोबर आवाजही बाहेर काढून ठेवावा लागे. घरात कुणी आजारी नव्हतं, कुणी झोपलेलंही नव्हतं. अंगणात हरणं यायची, एवढंच.

बाहत्तरच्या दुष्काळात मी कर्जतकडच्या एका खेड्यात शिक्षिका म्हणून रुजू झाले आणि दाजींच्या शेजारी खोली घेतली. दाजी कोर्टातले निवृत्त शिपाई. पक्षकारांच्या नावाचा पुकारा करण्यात त्यांची तीस वर्षं गेलेली. त्यांनी हाक मारली की समोरच्या बाजारातली माणसंही उठून उभी राहत, असं गावात सांगत. आता ते मला चहा विचारायलासुद्धा कानाशी वाकत.

हरणं दिवस मावळायच्या आधी माळावरून यायची. पुढं पिळदार शिंगांचा काळवीट, मागं आठ माद्या. दाजींची गुरं छावणीत होती. त्यांच्या रिकाम्या दगडी डोणीत दाजी थोडं पाणी ओतत आणि ओसरीवर खांबाआड बसत. मीही जाऊन बसे. खोकला आला तर पदर तोंडात कोंबायचा, असा नियम. एकदा मला शिंक आली. हरणं उधळली आणि दाजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बोलले असते तरी ऐकू आलं असतं की नाही, कोण जाणे.

"तुम्ही त्यांना हाक का मारत नाही? सवयीनं ओळखतील," मी एकदा म्हटलं.

"नगं. तीस वर्सं हाका मारल्या, बाई. माझ्या हाकंला खुशीनं कुनीच आलं न्हाई."

टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. दाजींच्या वाट्याच्या दोन बादल्यांतली एक डोणीत जाते, हे कळल्यावर सरपंच जाब विचारायला आले.

"दाजी, हितं मानसाला पानी न्हाई अन् तुमी..."

दाजींनी ओठांवर बोट ठेवून कुंपणाकडं दाखवलं. काळवीट येऊन उभा होता. सरपंच धोतराचा सोगा हातात धरून होते तिथंच थबकले. हरणं पाणी पिऊन गेली तरी थोडा वेळ ते तसेच उभे. मग म्हणाले, "तुमच्या वाट्याचं हाय. तुमी बघा." तेही कुजबुजतच.

दाजींची बायको, हौसाकाकू, पाण्याचे हाल म्हणून चार महिन्यांपूर्वी लेकीकडे कोल्हारला गेली होती. तिथं प्रवरा नदीचा आधार होता. दाजी तिचं नावही काढत नसत. एका रविवारी मात्र पोस्टकार्ड घेऊन माझ्याकडे आले.

"दोन वळी लिव्हा, बाई. माझा हात कापतो."

मी लिहू लागले. हरनं नऊ येत्यात. एक गाभन हाय. काळवीट जरा लंगडतो, काटा भरला असंल. कार्ड भरत आलं तरी हरणं संपेनात.

"काकूंना या म्हणून लिहू का?" मी विचारलं.

दाजींनी कार्डावर उरलेल्या जागेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "हितं पानी पुरतं, असं लिव्हा."

"पण पुरत नाही, दाजी."

"मी कमी पितो."

मी त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. आठ-दहा दिवसांनी दुपारच्या एसटीतून हौसाकाकू उतरल्या. तोंडाला फडकं बांधलेली तांब्याची कळशी त्यांनी कोल्हारपासून मांडीवर धरून आणली होती. गाड्या बदलताना निम्मं पाणी लुगड्यावर सांडलेलं.

"ह्ये कशाला आनलंस?" दाजी म्हणाले.

"ज्याला पानी पुरतंय त्यो कधी पानी पुरतं म्हून लिव्हतो का? मी तुमाला आज वळखते व्हय?"

काकूंनी तांब्या भरून त्यांच्यापुढं धरला. दाजींनी तो घेतला आणि डोणीकडं पाहिलं.

"आदी तुमी," काकू म्हणाल्या, आणि तांब्या रिकामा होईपर्यंत त्यांच्यासमोरून हलल्या नाहीत.