बुलढाणा गेटवे

१९९३ सालच्या जुलै महिन्यात महामाया गुलाबराव गवई, मुक्काम जानेफळ, तालुका मेहकर, हिला "मी येत आहे" एवढे तीन शब्द बंगळूरला कळवायचे होते. लोणारच्या खाऱ्या पाण्यात जे जिवाणू जगतात त्यांच्यावर संशोधन करण्यासाठी बंगळूरच्या एका मोठ्या संस्थेने तिची निवड केली होती. जागा एकच होती. निवडपत्राच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिले होते, की होकार ३१ जुलैपर्यंत फक्त इलेक्ट्रॉनिक मेलने स्वीकारला जाईल. पोस्टाने, तारेने अथवा टेलिफोनने आलेला होकार हा नकार समजण्यात येईल.

महामायाचे वडील गुलाबराव हे मेहकर आगारातून वाहतूक नियंत्रक म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. कुठली गाडी कुठे अडते आणि कुठे बदलावी लागते, हे त्यांनी जन्मभर पाहिले होते. तीन शब्द बंगळूरला पोचवणे ही त्यांना काही अवघड गोष्ट वाटली नाही. धुतलेला सदरा घालून ते बुलढाण्याला आले, मेव्हण्याकडे पिशवी ठेवली आणि जिल्हा विद्युत-टपाल कक्षात हजर झाले.

कक्षात एक संगणक होता आणि त्याच्या खोलीला गाभाऱ्याचा मान होता. चपला बाहेर काढायच्या, पाय पुसायचे, बोलायचे ते हळू. संगणकाला हळदीकुंकू लागलेले, वर एक ताजे जास्वंद. ऑपरेटर सुचिताबाईंचे श्रावणात दुपारी बारापर्यंत मौन असे, त्यामुळे सकाळच्या वेळी तिथे खरोखरच देवळासारखे वाटे.

"अर्ज तीन प्रतींत करा," कक्षप्रमुख वामनराव म्हणाले.

"तीनच शबद हायेत, साहेब."

"म्हणूनच तीन."

तीन प्रती झाल्या. वामनरावांनी पत्ता वाचला आणि त्यांचा चेहरा पडला. "अहो, ही संस्था विद्याजालावर आहे. आम्ही शासनजाल."

"मंग?"

"मग काय? दोन वेगळी जालं. आपसात रोटी-बेटी व्यवहार नाही."

गुलाबरावांनी संगणकावरच्या जास्वंदाकडे पाहिले. मग म्हणाले, "आमाले वाटलं हे मानसातच हाय. यंत्रात काऊन आनलं, साहेब?"

"तसं नव्हे हो. प्रत्येकाचं सोवळं वेगळं," वामनराव समजुतीने म्हणाले. "दिल्लीला एक गेटवे आहे. तिथे दोन्ही जालं भेटतात. आपलं पत्र आधी दिल्लीला जाईल, तिथून पलीकडे."

पत्र दिल्लीला गेले आणि तिसऱ्या दिवशी परत आले. परत पाठवणाऱ्याची सही होती 'मेलर-डेमन'. वामनरावांनी शब्दकोश काढला, अर्थ पाहिला आणि फाईलवर शेरा मारला: "सदर पत्र दिल्ली येथील भुताने नाकारले." त्या दिवशी कार्यालयीन टिपणी मंजूर होऊन संगणकाला लिंबू-मिरची बांधण्यात आली.

"साहेब, आमी भूत मानत नाई," गुलाबराव म्हणाले.

"मग अडचणच आहे," वामनरावांनी पेन खाली ठेवला. "ज्याला मानत नाही त्याच्याकडे फेरअर्ज करणार कसा?"

तारीख अठ्ठावीस. गुलाबराव बाहेर चहाच्या टपरीवर येऊन बसले, तेव्हा टपरीवाल्यानेच त्यांना सांगितले की रस्त्याच्या पलीकडे जे कॉलेज दिसते, तिथेही असला एक डबा आहे. गुलाबराव चहा तसाच ठेवून रस्ता ओलांडून गेले. कॉलेजचा संगणक ज्ञानेश्वर सर सांभाळत. तो विद्याजालावरच होता आणि बंगळूरशी रोज बोलत होता. इथल्या खोलीतही चपला बाहेर होत्या.

"मी आनंदानं पाठवलं असतं, काका," सर म्हणाले. "पण बाहेरच्या माणसाचा मजकूर आम्हाला थेट घेता येत नाही. दुसऱ्या जालातून गेटवेमार्फत आला तरच घेतो."

"ह्या गेटवेले काय काय करा लागते?"

"विशेष काही नाही. इकडचं घ्यायचं, तिकडं द्यायचं. वाचायचं नाही, बदलायचं नाही, विचारायचं नाही."

"पगार?"

"यंत्राला कसला पगार?"

"मंग मीच व्हतो ना गेटवे," गुलाबराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुचिताबाईंनी महामायाचे पत्र छापून काढले आणि एक शब्दही न बोलता गुलाबरावांच्या हातात दिले. वामनरावांनी नियमपुस्तिका दोनदा चाळली. गेटवे म्हणजे यंत्रच असावे, असे कुठेही लिहिलेले नव्हते. त्यांनी जावक क्रमांक घातला, घड्याळ पाहिले. गुलाबरावांनी चपला घातल्या, रस्ता ओलांडला, चपला काढल्या, कागद दिला. चार मिनिटे. ज्ञानेश्वर सरांनी तो टंकला आणि एका क्षणात तो बंगळूरला पोचला.

बंगळूरहून उत्तर आले: "येत आहे म्हणजे केव्हा?"

उत्तर कॉलेजात आले होते आणि अर्ज कक्षाचा होता. तेव्हा गुलाबरावांनी तो कागद इकडे आणला, रस्ताभर उपडा धरून, कारण गेटवेने वाचायचे नसते. सुचिताबाईंनी तो शासनजालात टंकला, म्हणजे तो आला. मग तो छापून अर्जदाराला देण्यात आला. अर्जदार म्हणून गुलाबरावांनी सही केली, चष्मा लावला आणि वाचला.

मग बंगळूरने विचारले, एकटी की सोबत. मग जन्मतारीख. मग प्रकृतीचा दाखला. प्रत्येक वेळी गुलाबराव जानेफळला जात, उत्तर आणत, रस्ता ओलांडत. "बाबा," महामाया म्हणाली, "मी पायी निघाली असती त आतालोक पोचली असती न बंगळूरले."

"पोचली असती. पन त्याईले पटलं नसतं," गुलाबराव म्हणाले.

महिन्याचा अहवाल दिल्लीला गेला. दिल्लीच्या गेटवेला एक पत्र पलीकडे करायला सरासरी दोन दिवस लागत होते आणि बुलढाण्याला चार मिनिटे. दिल्लीत खळबळ उडाली. तपशिलाचा फॉर्म आला आणि वामनरावांनी तो इमानाने भरला. बनावट: एस.टी., मेहकर आगार. निर्मितीचे वर्ष: १९३५. ऊर्जा: दोन कप चहा, साखर कमी. पर्यायी यंत्रणा: मेव्हणे, परंतु गुडघे दुखतात.

फॉर्म बहुधा कुणी वाचला नाही. आठ दिवसांत आदेश निघाला, की देशातील शासनजालाचे विद्याजालाकडे जाणारे सर्व टपाल यापुढे बुलढाणामार्गे वळवावे.

आता गुवाहाटीचे पत्र पुण्याला जायचे तर ते गुलाबरावांच्या हातून जाऊ लागले. मध्ये एकदा ते पुतणीच्या लग्नाला रोहिणखेडला गेले, तर दिल्लीत सूचना लागली: "तांत्रिक बिघाडामुळे बुलढाणा गेटवे दोन दिवस बंद." ते परतले तेव्हा त्यांच्या अंगावर हळदीचे डाग होते आणि टेबलावर एकशे बारा पत्रे.

अशात बंगळूरचे शेवटचे पत्र आले. अंतिम होकार शुक्रवारी सायंकाळी पाचपर्यंत, अन्यथा जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला.

शुक्रवारी कार्यालय उघडायच्या आधीच गुलाबराव होकार घेऊन दारात उभे होते. पण रात्रभरात बाहेरून आलेली साठ पत्रे आधीच रांगेत होती. महामायाचा नंबर लागला एकसष्टावा.

"साहेब, येवढं एक पयले नेऊ द्या."

"रांग म्हणजे रांग. आणि एका फेरीत एकच पत्र, नाहीतर मिसळतात."

"माह्या पोरीचं भविष्य हाय त्याच्यात."

वामनराव चपापले. "गेटवेनं पत्र वाचायचं नसतं, गुलाबराव. त्यात काय आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"मीच त लिवून आनलं!"

"ते अर्जदार म्हणून. आत्ता तुम्ही गेटवे आहात."

गुलाबराव गेटवे होते, म्हणून निघाले. एक कागद, रस्ता, चपला, परत रस्ता, दुसरा कागद. जेवणाची सुट्टी त्यांनी घेतली नाही. दुपारी टपरीवाला रस्त्याच्या मधोमध उभा राहून त्यांच्यासाठी गाड्या थांबवू लागला. चार वाजून दहा मिनिटांनी ते कक्षाच्या पायरीवर बसले. सदरा पाठीला चिकटला होता. महामायाच्या पत्रापुढे रांगेत अजून एकोणीस पत्रे होती.

सुचिताबाईंचे मौन बाराला सुटले होते. पण साहेबांशी आपणहून बोलण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी पदर सारखा केला, गुलाबरावांना पाण्याचा तांब्या दिला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, एक विचारू का? ही एकोणीस पत्रं छापताना मी पाहिली. सगळ्यांत एकच ओळ आहे."

"कोणती?"

"'हा चाचणी संदेश आहे, कृपया दुर्लक्ष करावे.' खाली दिल्लीच्या मोठ्या साहेबांचं नाव आहे."

"मग?"

"मग काही नाही. एवढं स्पष्ट सांगूनही आपण लक्ष देतोय. वरून कुणी विचारलं तर?"

वामनराव खुर्चीतून अर्धवट उठले. वरिष्ठांचा आदेश, तोही लेखी, तोही एकोणीस वेळा. घामाचा थेंब शाईवर पडला. त्यांनी शेरा मारला: "आदेशानुसार तात्काळ दुर्लक्ष करण्यात आले." आणि ओरडले, "पुढचं पत्र!"

गुलाबराव त्या दिवशी चार मिनिटांत गेले नाहीत. अडीच मिनिटांत गेले, आणि तेही अनवाणी. पाचला दहा कमी असताना ज्ञानेश्वर सरांच्या पडद्यावर बंगळूरचे उत्तर उमटले. गुलाबराव तोंड फिरवून उभे राहिले. "तुमीच वाचा, सर. मी नाई वाचू शकत."

"जागा पक्की, काका. महामाया गवई."

गुलाबरावांनी डोळे सदऱ्याच्या बाहीला पुसले. मग त्यांनी कागद घेतला आणि गर्दीच्या रस्त्यातून सुलटा धरून, मोठ्याने वाचत कक्षात गेले.

सोमवारी महामायाला गाडीत बसवून ते चार्ज सोडायला आले. "पोरगी गेली, साहेब. आता मी जानेफळले जातो."

"अहो, देशाचं टपाल आहे!"

"हाव ना. देशाले सांगा, रस्ता सोपा हाय."

कक्षाने तीनदा जाहिरात दिली: पाहिजे, गेटवे. वेतन नाही. एकही अर्ज आला नाही. शेवटी वरिष्ठ पातळीवर निर्णय झाला, की हे पद रद्द करून त्याचे काम पुढील आदेशापर्यंत सर्व नागरिकांमध्ये समान वाटून देण्यात यावे.

पुढील आदेश अजून निघालेला नाही. गेल्या मंगळवारी तुम्ही एका कार्यालयाच्या संकेतस्थळावरून दाखला उतरवून घेतलात, छापलात, सही केलीत, मोबाईलने त्याचा फोटो काढलात आणि त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर असलेल्या दुसऱ्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर चढवलात. 'फाईल मोठी आहे' असे आले, तेव्हा तुम्ही खजील होऊन ती लहानही केलीत. झालं एकदाचं, असे म्हणून घरच्यांना पेढासुद्धा दिला असेल. आपण आपलेच काम केले असे तुम्हाला वाटते. दोन्ही मजल्यांवरच्या अहवालात मात्र तुमचे नाव नाही. तिथे एवढेच लिहिले आहे: यंत्रणा सुरळीत चालू आहे.