निरोप न घेतलेली डिस्क

विट्याच्या जनार्दन तारळेकरांच्या संगणकानं बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कला आत घ्यायला नकार दिला, कारण त्याच्या म्हणण्याप्रमाणे ती घरातून गेलेलीच नव्हती.

तारळेकरांनी आधी जे कुणीही करतं ते केलं. वायर काढून पुन्हा लावली, मग वायरच बदलली. पुढून जमेना तर मागून जोडून पाहिली. संगणक बंद करून चालू केला. डिस्कवर फुंकरही मारून झाली. डिस्कचा दिवा लुकलुकत होता, पोटात बारीक गुरगुर चालू होती, म्हणजे तब्येतीची काही तक्रार नव्हती. पडद्यावर मात्र दर वेळी तीच चौकट यायची: 'आमच्या डिस्कबाई आत आहेत. दाराशी कोण आलंय ते आम्हाला ठाऊक नाही.'

डिस्क घेऊन ते शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. तिथल्या संगणकानं तिला अगत्यानं बसवून घेतलं, पण 'दुसऱ्या घरचं सामान आम्ही उघडत नाही' असं सांगून एकही फाइल दाखवली नाही. झेरॉक्सवाला म्हणाला, "बरोबरच हाय की त्याचं." तारळेकरांनाही ते पटलं, आणि पटल्यामुळे ते जास्तच चिडले.

चिडायला कारण होतं. तारळेकरांचा धंदा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा, आणि त्यांच्या दुकानात शेटेअण्णा येऊन बसले होते. अण्णांचं पेठेत भांड्यांचं दुकान. त्यांची एकुलती एक केतकी नुकतीच लग्न होऊन सोलापूरला गेली होती. पाठवणीच्या वेळी अण्णा कार्यालयाच्या मागच्या अंगाला शेवटच्या पंगतीला जिलेबी वाढत होते. वाढून हात पुसत पुढं आले, तोवर गाडी निघून गेली होती. मुलीला निरोप देणं राहून गेलं ते राहूनच गेलं. आता ते रोज आपलं दुकान उघडायच्या आधी येत, समोरच्या स्टुलावर बसत आणि म्हणत, "तेवढी पाठवणी दाखवा. बाकीचं लग्न राहू दे." ती पाठवणी त्या डिस्कमध्ये होती आणि दुसरीकडे कुठंही नव्हती.

अण्णांना उद्या या म्हणायची तारळेकरांना आता लाज वाटायला लागली होती. त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि थेट संगणकालाच टाइप करून विचारलं, 'बाई आत आहेत असं तुम्ही कशावरून म्हणता?'

'त्या गेल्याची नोंद नाही,' संगणकानं उत्तर दिलं. 'आमच्या घरातून जाणारा माणूस आधी विचारतो, आम्ही बरं म्हणतो, तो "येतो" म्हणतो आणि मग जातो. बाईंनी "येते" म्हटलेलं नाही. त्याअर्थी त्या आत आहेत.'

आता तारळेकरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या दिवशी खानापूरच्या साखरपुड्याला उशीर होत होता, बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता, आणि त्यांनी डिस्क तशीच हिसकून पिशवीत टाकली होती. ज्या माणसानं जन्मभर कॅमेऱ्याआडून नवऱ्या मुलींना "जाते नाही म्हणायचं बाई, येते म्हण" असं बजावलं, त्यानंच घरच्या बाईला न सांगता न विचारता दंडाला धरून बाहेर काढलं होतं. ते खरोखर ओशाळले.

'चूक माझी आहे,' त्यांनी लिहिलं. 'पण बाई माझ्या हातात आहेत. हे बघा.' आणि त्यांनी डिस्क पडद्यासमोर धरली.

'असतील कुणीतरी. चेहरेपट्टी जुळते. पण आमच्या बाई आत आहेत.'

'मग आतल्या बाईंशी बोलू द्या.'

बराच वेळ पडद्यावर नुसतं चक्र फिरलं. मग चौकट आली: 'त्या तुमच्याशी बोलणार नाहीत म्हणतात.'

"मग काय चुकलं त्यांचं?" मागून आवाज आला. तारळेकरांच्या पत्नी उज्ज्वलाताई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी सगळं वाचलं आणि कपबशा टेबलावर ठेवल्या. "अहो, घरात रुसून बसलेली बाई, आणि तुम्ही दुसरी घेऊन दारात उभे. कोण घेईल आत? आधी आतल्या बाईंना रीतसर वाटेला लावा."

"रीतसर म्हंजे?"

"रीतसर म्हणजे रीतसर. सरका तिकडं."

त्यांनी आतून हळदीकुंकवाचा करंडा आणला, संगणकाच्या डब्याला जिथं वायर जोडतात तिथं वरच्या अंगाला हळदीकुंकवाची बोटं टेकवली आणि चिमूटभर साखर ठेवली. मग पदर सावरून त्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "घाईगर्दीत तुमचं काही करणं झालं नाही. राग धरू नका. या हं परत." आणि नवऱ्याकडे वळल्या, "तुम्ही पण म्हणा."

"या परत," तारळेकर म्हणाले. अण्णाही स्टुलावरून उठून उभे राहिले होते.

डब्यातला पंखा सावकाश थांबला. पडद्यावर अक्षरं उमटली: 'बाई "येते" म्हणाल्या. गेल्या. आता दाराशी ज्या आहेत त्यांना घेता येईल.'

डिस्क जोडल्याबरोबर उघडली. साखरपुडे, बारशी, मुंजी, सगळं जिथल्या तिथं होतं. तारळेकरांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी गार झालेला चहा एका दमात संपवला. मग 'शेटे, पाठवणी' या नावावर बाण नेला आणि खुर्ची बाजूला सरकवली. "या अण्णा. बसा हितं, जवळ."

अण्णा जागचे हलले नाहीत.

"जनुभाऊ, त्याला एक विचारा. हा नियम माणसांना लागू हाय का?"

तारळेकरांनी विचारलं. उत्तर लगेच आलं: 'नियम घराचा आहे. कोण राहतं याच्याशी त्याचा संबंध नाही.'

"म्हंजे माझी केतकी..." अण्णांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "मला ती येते म्हटलेली नाही. आईला म्हटली असंल, मामाला म्हटली असंल. त्यांच्यापुरती गेली ती. माझ्यापुरती नाही."

"नाही," तारळेकर म्हणाले. नियमाप्रमाणे दुसरं काही म्हणता येत नव्हतं.

"आणि हे बघितलं, त्यात ती वळून येते म्हटली, तर?"

"तर मग गेली, अण्णा."

अण्णा पडद्याकडे पाहत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही. "नका लावू," ते म्हणाले. "राहू दे तुमच्याकडंच." दारापाशी जाऊन त्यांनी चपला घातल्या, मग मागं वळून हात जोडले. "वहिनी, येतो. जनुभाऊ, येतो." संगणकाकडे पाहूनही ते तसंच म्हणाले.

तारळेकरांनी बाण त्या नावावरून मागं घेतला, रीतसर विचारून डिस्क काढली आणि कपाटात ठेवली. त्यानंतर अण्णा सकाळचे यायचे थांबले.

पुढं केव्हातरी एका रविवारी दोघांची गाठ बेकरीत पडली. अण्णा खारी घेत होते आणि दुकानदाराला सारखं बजावत होते, चुरा नको, आमच्या पोरीला चुरा चालत नाही.

"केतकी कशी आहे?" तारळेकरांनी विचारलं.

"सोलापूरची मजेत हाय. सकाळीच फोन झाला," पुडा पिशवीत ठेवत अण्णा म्हणाले. "घरातली अजून उठायचीय."