तिकीटताईंचे जोखमीचे खाते

आपला व्यवसाय धोकादायक आहे, ही गोष्ट तिकीटताईंना वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, एका मंगळवारी सकाळी साडेअकराच्या टपालाने कळली. तोपर्यंत त्यांची अशी समजूत होती की आपण लोकांना सहलीला नेतो.

पत्र होते कार्डाने दिलेले पैसे दुकानदाराच्या खात्यात वळते करणाऱ्या एका कंपनीचे. ताईंनी महिन्यापूर्वी तिथे व्यापारी खात्यासाठी अर्ज केला होता. शिंप्याच्या दुकानावरची त्यांची एका खोलीची कचेरी एकवीस वर्षे रोखीवर आणि ओळखीवर चालली. पण अलीकडे गिऱ्हाईक दारातून आत येतानाच कार्ड पुढे करायचे आणि मशीन नाही म्हटल्यावर त्याच पावली मागे फिरायचे. पत्रात लिहिले होते, 'आपला अर्ज विचाराधीन असून आपल्या व्यवसायाचे वर्गीकरण अति-जोखीम, गट ड असे करण्यात येत आहे.' खाली त्याच गटातले बाकीचे व्यवसाय माहितीस्तव दिले होते : जुगारगृहे, शोभेची दारू, भविष्यकथन आणि पंधरा दिवसांत वजन उतरवणारी औषधे.

"वहिनी, आपण शोभेच्या दारूच्या शेजारी," भावजी म्हणाले. हे ताईंचे धाकटे दीर. कचेरीचे हिशेब तेच पाहत. पेन्सिलीला टोक काढतानासुद्धा खाली वर्तमानपत्र अंथरणारा माणूस.

"एकवीस वर्षांत आपल्याकडचं कोण फुटलं हो भावजी?"

"कुणी नाही. पण लेखी काही नाही ना तसं."

ताईंनी पर्स उचलली आणि दुखरा उजवा गुडघा सांभाळत जिना उतरल्या.

कंपनीचा जोखीम विभाग सातव्या मजल्यावर होता. तिथल्या खुर्च्या जमिनीला स्क्रूने आवळलेल्या होत्या. जोखीम अधिकारी पस्तिशीचे, अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांनी ताईंसाठी पाणी मागवले, ग्लास टेबलाच्या कडेपासून वीतभर आत सरकवला आणि मगच बोलायला सुरुवात केली.

"मॅडम, किराणा दुकानदार काय विकतो?"

"किराणा."

"म्हणजे वर्तमानकाळ. गिऱ्हाईक पैसे देतं, साखर घेतं, घरी जातं. विषय संपला. तुम्ही आज पैसे घेता आणि तीन महिन्यांनी समुद्र दाखवता. तुम्ही भविष्यकाळ विकता."

"पण मी एकवीस वर्षं दाखवतेय! एकदाही चुकलेलं नाही."

"तेच तर काळजीचं आहे," अधिकारी मनापासून कळवळून म्हणाले. "ज्यांचं चुकलेलं असतं त्यांचा आमच्याकडे आकडा असतो. कुणाचं शंभरात चार, कुणाचं शंभरात नऊ. तुमचा आकडाच नाही. तुमचं किती चुकेल ते आम्ही कशावरून ओळखायचं?"

तरीही त्यांनी खाते मंजूर केले. अट एकच. सहलीचे पैसे प्रवाशांच्या कार्डांतून निघतील, कंपनीत येतील, आणि सहल घडून गेल्याची कंपनीची खात्री पटेपर्यंत राखीव राहतील.

"आणि हॉटेलवाले? विमानवाले? ते तर सगळं आगाऊ घेतात."

"आगाऊ?" अधिकाऱ्यांचा चेहरा उजळला. "मग त्यांना धोका कसला? त्यांची आमच्याकडे खाती आहेत. फार उत्तम ग्राहक."

मशीन आले. पहिल्याच आठवड्यात बेटांच्या सहलीसाठी बावीस कार्डे त्यातून फिरली आणि बावीस वेळा त्याने पाखरासारखा आवाज केला. पहिले कार्ड निवृत्त हेडमास्तरांचे. शेवटची दोन पोस्टमास्तर आणि पोस्टमास्तरीणबाईंची. पोस्टमास्तरांनी नोकरीत असताना चाळीस वर्षे तिकिटांवर शिक्के मारले होते आणि त्यांच्या बायकोने आजवर समुद्र पाहिला होता तो त्या तिकिटांवरच, बोटाच्या पेराएवढा. बाईंनी स्वतःच्या नावाचे वेगळे कार्ड काढून आणले होते. "माझा समुद्र माझ्या पैशानं," त्या म्हणाल्या.

बावीस जणांचे पैसे असे कंपनीत सुरक्षित पोचले आणि हॉटेलचा फोन आला. शुक्रवारपर्यंत रक्कम भरा, नाहीतर खोल्या सोडून द्याव्या लागतील. विमान कंपनीने तर गुरुवारच सांगितला.

"सहल रद्द करू या का, वहिनी?" भावजींनी विचारले.

"रद्द केली तर ती घडणार नाही. घडली नाही तर पैसे सुटणार नाहीत."

"पण मग ते प्रवाशांना परत..."

"आणि त्या बाईंना मी काय सांगू? समुद्र राखीव ठेवलाय म्हणून?"

ताईंनी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी साठवलेली मुदतठेव मोडली. भावजींनी त्या पावतीकडे असे पाहिले, जणू घरातलेच कुणीतरी परगावी चालले आहे.

सहल मात्र दृष्ट लागावी अशी झाली. कुणाची बॅग हरवली नाही, कुणाला बोट लागली नाही. पहिल्या सकाळी पोस्टमास्तरीणबाई चपला हातात घेऊन घोटाभर पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या, त्या तासभर हलल्याच नाहीत. ताई शेजारी जाऊन उभ्या राहिल्या तेव्हा बाई हळूच म्हणाल्या, "एवढा कशाला गं?" शेवटच्या दिवशी हेडमास्तरांनी भाषण केले. आयुष्यात अनेक सहली काढल्या, पण सहलीला आईच्या मायेने नेणारी व्यक्ती प्रथमच भेटली, असे ते म्हणाले. सर्वांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. ताई चक्क रडल्या.

परतल्यावर त्यांनी कंपनीकडे 'प्रवास घडल्याचा दाखला' भरून दिला आणि सोबत फोटो जोडले. आठ दिवसांनी सातव्या मजल्यावरून बोलावणे आले.

"या बाईंचं तोंड कुठंय?" अधिकाऱ्यांनी एका फोटोवर पेन टेकवले.

"समुद्राकडे."

"आमच्याकडे हवं होतं. पाठ काय, कुणाचीही असते. आणि हा समुद्र तोच कशावरून? यावर नाव नाही."

"समुद्रावर नाव कोण लिहितं?"

"हीच तर तुमच्या व्यवसायातली जोखीम आहे, मॅडम." त्यांनी फोटो सारखे करून परत दिले. "सोपा मार्ग सांगू? सगळ्या प्रवाशांना एकदा इथं घेऊन या. आम्ही डोळ्यांनी पाहतो. माणसं परत आलीत म्हणजे गेली असणारच."

ताईंनी बस ठरवली. बावीस जण पुन्हा एकत्र भेटणार म्हणून भलतेच खुशीत होते. वाटेत गाण्याच्या भेंड्या झाल्या, बिस्किटांचे चार मोठे पुडे संपले. सातव्या मजल्यावर आवळलेल्या खुर्च्या पुरेनात. अधिकाऱ्यांनी स्वतः मोजणी केली, प्रत्येकाच्या चेहऱ्याशी ओळखपत्र धरून पाहिले. बावीस भरले. ते समाधानाने सही करणार, इतक्यात त्यांचे पेन थबकले.

"या सगळ्यांना इथं आणलं कुणी?"

"मीच. बस केली ना."

"म्हणजे आणखी एक सहल निघाली." त्यांनी पेनाला टोपण लावले. "आधीची सहल बंद करायची तर तुमची एकही सहल चालू असता कामा नये. हे सगळे सुखरूप घरी पोचल्याचं कळवा, मग बघू."

ताईंनी बावीस जणांना बावीस दारांत सोडले, प्रत्येकाची उंबऱ्यावरची सही घेतली आणि दुसऱ्या दिवशी कागद पोचवले. या वेळी अधिकाऱ्यांनी ते बिनतक्रार ठेवून घेतले. ते स्वतः उठून लिफ्टपर्यंत सोडायलासुद्धा आले.

"आता फक्त जोखीम-निवारण संदेश," ते म्हणाले. "आम्ही प्रत्येक प्रवाशाच्या फोनवर एकच प्रश्न पाठवतो : सहलीचे पैसे परत हवेत का? हो किंवा नाही. नाही आलं की धोका कायमचा मिटला."

"आणि हो आलं तर?"

"तर गिऱ्हाईक असमाधानी होतं, असं सिद्ध होतं."

ताई हसल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहून टाळ्या वाजवणारे बावीस जण होते.

सतरा जणांनी 'हो' दाबले.

"बघा मॅडम," अधिकारी फोनवर आनंदाने म्हणाले, "अखेर तुमचा आकडा आला. आता आम्हाला तुमच्याबरोबर काम करणं फार सोपं जाईल." सतरा जणांचे पैसे कंपनीने त्याच दिवशी परत केले. एवढ्या तत्परतेने कंपनीने आजवर दुसरे काही केले नव्हते. प्रत्येक परताव्यामागे दंड होता, तो उरलेल्या पाच जणांच्या पैशांतून कापला गेला. त्यानंतर जे ताईंच्या हाती पडले, त्यात शस्त्रक्रिया काही बसेना. गुडघ्यावर चढवायचा लवचिक पट्टा मात्र आला.

तो पट्टा चढवूनच ताई हेडमास्तरांकडे गेल्या. हेडमास्तरांनी त्यांचे असे स्वागत केले की शेजारपाजारची दारे उघडली. त्यांनी सहलीचा जाडजूड अल्बम करून घेतला होता. पहिल्या पानावर ताईंचा फोटो, खाली सुवाच्य अक्षरात 'आमची माउली'.

"सर, तुम्ही 'हो' दाबलंत?"

"दाबलं तर! आपणहून विचारतायत म्हटल्यावर नाही कशाला म्हणायचं?"

"पण सहल आवडली होती ना तुम्हाला?"

"आवडली? अहो, रोज आठवण काढतो आम्ही." हेडमास्तर दुखावले. "ते पैसे तर कंपनीनं दिले. एवढी मोठी कंपनी, सात मजली. तुमच्या खिशातून थोडेच घेतले?"

"माझ्याच खिशातून गेले, सर."

हेडमास्तरांनी ताईंच्या हातावर हळुवार थोपटले. "मग तुम्ही कंपनी बदला बघू. फसवतायत तुम्हाला." आणि चहाची कपबशी पुढे सरकवत त्यांनी उत्साहाने विचारले, "बरं, पुढच्या वर्षी कुठं नेताय?"

"कुठंही नेईन. पण पैसे रोख आणि आधी घेईन."

"रोख? आधी?" हेडमास्तरांनी अल्बम मिटला. "इतका अविश्वास? ताई, राग मानू नका, पण तुम्ही बदललात."

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर खूप वेळ पावले वाजत राहिली. पोस्टमास्तरीणबाई नवऱ्याला पुढे घालून वर येत होत्या. पोस्टमास्तर खाली मान घालून उभे राहिले.

"यांनी 'हो' दाबलं," बाई म्हणाल्या. "लगेच माझाही फोन मागत होते, मी दिला नाही. द्या हो त्यांना ते पाकीट."

पोस्टमास्तरांनी टेबलावर पाकीट ठेवले. त्यांच्या वाट्याची पूर्ण रक्कम त्यात रोख होती. ताई म्हणाल्या, "अहो, राहू द्या. सोळा जणांनी तर..."

"बाकीच्यांचं मला काय सांगतेस?" बाई म्हणाल्या. "आम्ही पैसे परत घेतले, तर मग तिथं पाण्यात उभं कोण राहिलं होतं?"

भावजींनी पाकीट मोजले नाही. हिशेबाच्या वहीत मात्र त्यांनी कुठल्या सदरात लिहावे याचा बराच वेळ विचार केला.

त्याच आठवड्यातली गोष्ट. ताई घरी साडीला इस्त्री करत होत्या. इस्त्री नवी, चार महिन्यांपूर्वी कोपऱ्यावरच्या विजेच्या दुकानातून कार्डावर घेतलेली. वजनाला हलकी, झटकन तापणारी. ताई येईल-जाईल त्याच्यापाशी तिची तारीफ करत. फोन वाजला. पडद्यावर संदेश होता : 'आपण घेतलेल्या इस्त्रीचे पैसे परत हवेत का?' खाली अंगठा सहज मावेल असा हिरवागार 'हो' आणि त्याच्या शेजारी करड्या रंगाचा, चष्म्याशिवाय न दिसणारा 'नाही'.

ताईंनी इस्त्री उभी करून ठेवली. भावजी समोर बसून वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान न उलटता वहिनींकडे पाहिले. ताईंनी मनाशी हिशेब केला. दुकान मोठे होते. दुकानदाराने गेल्याच महिन्यात नवी गाडी घेतली होती. शिवाय विचारत होती ती कंपनी, आपण काही मागायला गेलो नव्हतो. इस्त्रीतून वाफ येत राहिली. शेवटी ताईंनी फोन उचलला, अंगठा टेकवला आणि फोन पालथा ठेवून पुन्हा साडीला लागल्या.

अंगठा कुठे टेकला, हे त्या कुणालाच सांगत नाहीत. आपणही विचारू नये. भावजींनी एकदा विचारले होते, तर त्या एवढेच म्हणाल्या, "आधी तुमचा फोन दाखवा." आणि भावजींनी घाईघाईने फोन खिशात घातला, जसा तो आता तुम्ही घालता आहात.