गायकवाडकाकांचं गॅलरीतलं पेंट शॉप

आमच्या निगडीच्या सोसायटीतले गायकवाडकाका पाहुण्याला घरात घेण्याआधी ब्रशने झटकतात. खांदे, बाह्या, एखाद्याची दाढीसुद्धा. "राग न्हाई मानायचा राव. धूळ आली की रंग गेला." कुरिअरवाला हल्ली पार्सल दाराबाहेर ठेवून पळतो.

काकांनी चाकणच्या एका कंपनीत मोटारी रंगवण्यात तीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर गॅलरीतच पेंट शॉप थाटलं. गाड्या मात्र तळहातावर मावणाऱ्या. प्लॅस्टिकचे सुटे भाग आणायचे, जोडायचे आणि स्प्रेने रंगवायचे.

मलाही शिकावंसं वाटलं. मी एक जीप घेऊन गेले. काकांनी ती कपाटात ठेवली आणि माझ्या हातात प्लॅस्टिकचा चमचा दिला. चार रविवार मी तोंडाला मास्क लावून नुसते चमचे रंगवले. "डबा वीतभर लांब धरा. गाडीच्या अलीकडं चालू, पलीकडं बंद. मधी थांबायचं न्हाई."

पाचव्या रविवारी जीप मिळाली. आधी अस्तर दिलं, मग हिरव्या रंगाचा पातळ हात. तो वाळल्यावर दुसरा. तिसऱ्याला माझा धीर सुटला आणि बोट जरा जास्तच दाबलं गेलं.

जीप वाळली, पण काकांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "इन्स्पेक्शन माझ्याकडं न्हाई," म्हणत ते जीप आत न्यायला उठले. तेवढ्यात काकूच भिंत चाचपत बाहेर आल्या. मधुमेहाने त्यांची दृष्टी गेली होती. इतक्या रविवारांत मी त्यांना खोलीबाहेर आलेलं पाहिलं नव्हतं. काका जागच्या जागी थांबले.

काकूंनी जीपवरून सावकाश बोटं फिरवली. "बॉनेट झ्याक. डाव्या दारावर वघळ आलाय, बाई. घाई केलीस." मग काकांना विचारलं, "रंग कुठला?"

"कवळ्या कैरीचा."

"मग घासून परत मारू द्या तिला. मी बसते हितंच."

काकांनी घाईघाईने खुर्ची आणली. काकू तासभर गॅलरीत बसल्या आणि माझ्या चुका काढत राहिल्या.

निघताना काका दारापर्यंत आले. हळू आवाजात म्हणाले, "डोळे गेल्यापासून नुसती पडून असायची. गाडी हातात दिली की चूक सांगायला तरी बोलायची. पण माझ्या कामात आता तिला चूक गावत न्हाई. मुद्दाम केली तर लगेच वळखती."

मग दार उघडत म्हणाले, "पुढच्या रविवारी नक्की या, ताई. तुमच्याकडनं अजून लई चुका व्हायच्यात."