करवतीवरचं गोरगोर

सोमवारी सकाळी सात वाजता आमच्या गावाची फिरती करवत बंद पडली. बिघाड काही नव्हता. डिझेल होतं, पातं धारदार होतं, ओंडका चढवून ठेवलेला होता. पण पातं थंड करायच्या पाण्याच्या पिंपापासून करवतीच्या दांड्यापर्यंत कोणीतरी गोरगोर बांधून ठेवलं होतं!

गोरगोर हे आल्याच्या जातीचं रानटी झाड. त्याचा पाला एखाद्या वस्तूला बांधला की विषय संपला. ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं. तोवर हात लावणाऱ्याची खैर नाही. आमच्याकडे सरकारी कुलूप दगडानं फुटतं, पण गोरगोर दिसलं तर कोंबडीसुद्धा वळसा घालून जाते.

आणि मी आदल्याच दिवशी चर्चच्या पायरीवरून छाती फुगवून सांगितलं होतं, "बुधवारी तपासनीस बाई येतील, आपली करवत पिकल्या पपईतून सुरी फिरावी तशी चालताना बघतील, हिरवा शिक्का मारतील आणि जातील. हा ब्लासियस प्रकल्पाचा समन्वयक असताना अडथळा येऊच शकत नाही!"

हिरवा शिक्का मिळाला म्हणजे आम्ही जंगल राखून, मोजकी झाडं कापून केलेल्या फळ्या परदेशात चांगल्या भावानं जाणार. नाही मिळाला तर प्रकल्प गुंडाळायचा, आणि किनाऱ्यावर दबा धरून बसलेल्या बड्या कंपनीचे बुलडोझर थेट रानात!

करवत चालवणारा कॅमिलस सुरक्षित अंतरावर सुपारी चघळत उभा होता.

"कोणी बांधलं रे?"

"मला काय ठाऊक? मी आत्ता अंघोळ करून येतोय."

"मग सोड की!"

"तू सोड. समन्वयक कोण आहे?"

मी हात पुढे केला आणि तसाच मागे नेऊन मान खाजवली.

लगेच सभा भरली. गेरार्दमामा आमच्यातले सर्वांत वडीलधारे. ते म्हणाले, "भांडणाशिवाय गोरगोर बांधत नाहीत. म्हणजे कोणाचं तरी आपल्याशी भांडण आहे. कोणाचं?"

सगळ्यांच्या माना एकदम डोंगराकडे वळल्या. वरची वाडी! ओंडका त्यांच्या हद्दीजवळचाच होता.

"वरच्या वाडीचं काम नसेल तर मिशी उतरवीन!" कॅमिलस म्हणाला. त्याला मिशी नाही.

वरच्या वाडीचे प्रमुख म्हणजे माझे सासरे, आमच्या बोलीत ताम्बू. त्यांचं नाव मी इथेही लिहिणार नाही. सासऱ्याचं नाव घेतलं तर दात पडतात. माझे आधीच सुपारीनं हलायला लागलेत, उगाच कशाला विषाची परीक्षा!

"ब्लासियस, तुझाच ताम्बू आहे तो. सासऱ्याकडे जावयानंच जावं," मामा म्हणाले. "आणि रिकाम्या हातानं जाऊ नकोस."

रिकाम्या हातानं नाही म्हणजे डुक्कर. आणि खालच्या वाडीत, म्हणजे आमच्याकडे, देण्याजोगं डुक्कर एकच होतं, माझ्या बायकोनं, ओटिलियानं, उकडलेली रताळी भरवून वाढवलेलं. त्याचं नाव मिनिस्टर, कारण सगळ्यांच्या आधी तो जेवायचा.

"मिनिस्टरला हात लावलास तर याद राख!" ओटिलिया दारात आडवी उभी राहिली. "आधी विचार तरी, की बाबांनीच बांधलंय का!"

"विचारायचं कसं? विचारणं म्हणजे संशय घेणं. केवढा अपमान! आधी डुक्कर, मग बोलणं."

"आणि मग कळलं की बाबांनी बांधलंच नाही, तर?"

"ओटिलिया, मी समन्वयक आहे. या गोष्टी मला कळतात."

मंगळवारी मिनिस्टर बांबूला टांगून डोंगर चढला. खरं म्हणजे चढलो मी आणि कॅमिलस. मिनिस्टर दौऱ्यावर निघाल्यासारखा दोन्ही बाजूंची शेतं पाहत होता.

सासरे ओट्यावर बसले होते. त्यांनी डुकराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. त्या क्षणी त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं, ते मला मेव्हण्याकडून नंतर कळलं: हे डुक्कर कशाबद्दल आलंय याचा त्यांना काडीचाही पत्ता नव्हता! पण समोर डुक्कर आल्यावर जो "कशाबद्दल?" विचारतो, त्याला वाडीत कोण मान देणार?

म्हणून ते गंभीरपणे म्हणाले, "उशीर केलात."

माझा जीव भांड्यात पडला. "झाला खरा, ताम्बू. पण आमच्या मनात तसं काही नव्हतं."

"मनात नव्हतं म्हणूनच जास्त लागलं."

मागे बसलेले म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले.

"मग करवतीचं...?"

"बघू. आधी आम्ही बसून बोलतो."

आम्ही उड्या मारत खाली आलो. वर मिनिस्टर तापलेल्या दगडांखाली गेला आणि मंडळी बसली, आपली तक्रार नेमकी काय ते शोधायला! एवढं मोठं डुक्कर आलंय म्हणजे अपराधही तेवढाच मोठा असणार, यावर एकमत झालं. आधी काही सापडेना. मग एका म्हातारीला माझ्या लग्नातला कच्चा राहिलेला तारोचा, म्हणजे अळूचा, कंद आठवला. कोणाला ओढ्याचं वळवलेलं पाणी आठवलं. मग हद्दीवरचा तो ओंडका निघाला. मिनिस्टर शिजेपर्यंत अख्खी वाडी खरोखरच संतापली होती!

बुधवारी सकाळी मी गुणगुणत करवतीपाशी गेलो. सोमवारचं गोरगोर तसंच होतं. आणि त्याच्यावर दुसरं! ताजं, हिरवंगार, पहिल्यापेक्षा दुप्पट जाड!

तेवढ्यात किनाऱ्यावर बोटीचं इंजिन वाजलं. तपासनीस बाई आल्या. आणि त्याच वेळी रानाच्या वाटेनं, गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेली मारित आली. ही नॉर्वेची स्वयंसेविका आमच्याकडे बेडकांवर संशोधन करते. सोमवारी पहाटेपासून ती आतल्या तळावर होती.

"वा! कुणीच हात नाही लावला!" असं ओरडत ती धावली, खालचं जुनं गोरगोर सर्रकन ओढून काढलं आणि पिंपात डोकं घातलं. "बघा, बघा! अंडी!"

"कसली अंडी?" मी विचारलं. आवाज माझाच होता, पण लांबून आला.

"बेडकीची! सोमवारी निघताना दिसली. तुम्ही पाणी ओतून द्याल म्हणून हे बांधून गेले. मी जिच्याकडे राहते ती अलॉइसियामावशी म्हणाली होती, कुणी हात लावू नये असं वाटलं तर गोरगोर बांध."

कॅमिलसच्या तोंडातली सुपारी खाली पडली.

"अगं, मग सांगून का नाही गेलीस?" मी विचारलं.

"बांधलं की सांगावं लागत नाही, असं मावशीच म्हणाली."

बेडकीच्या बाळंतपणासाठी गोरगोर बांधल्याचं आमच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नव्हतं!

मागून ओटिलियाचा आवाज आला. एकच शब्द. "मिनिस्टर."

तपासनीस बाईंनी दुसऱ्या गोरगोरकडे बोट दाखवलं. "हे कुणाचं?"

"वरच्या वाडीच्या प्रमुखांचं."

"नाव?"

"ते मी सांगू शकत नाही."

"का?"

"दात पडतील."

बाईंनी पेन थांबवलं. "तुम्हाला कुणी धमकावलंय?"

"छे हो! सासरे आहेत माझे!"

"म्हणजे सासरे दात पाडणार?"

"नाही, नाही! आपोआप पडतात!"

"बरं. त्यांची तक्रार काय आहे?"

"ती अजून पक्की झालेली नाही. बैठक चालू आहे."

बाईंनी तेही लिहून घेतलं. पिंपातली अंडी मात्र त्यांना फार आवडली. त्यांनी मारितचं कौतुक केलं, वरच्या वाडीशी असलेला वाद मिटल्याशिवाय शिक्का मिळणार नाही असं सांगितलं, महिनाअखेरी पुन्हा येते म्हणाल्या आणि बोटीत बसल्या.

आता मार्ग एकच होता. वरच्यांना खरं काय ते पटवायचं, आणि ते काम मुलीलाच जमलं असतं. गुरुवारी मी हात जोडून ओटिलियाला माहेरी पाठवलं. ती गेली. तिनं सगळं ऐकून घेतलं, सगळं सांगितलं.

आज रविवार. ती अजून परतलेली नाही. मेव्हणा सकाळी निरोप घेऊन आला: कच्चा तारो, ओढा आणि ओंडका या तिन्ही तक्रारी वरच्या वाडीनं मोठ्या मनानं सोडल्या आहेत. आता एकच शिल्लक आहे, ओटिलियाची. तिला न जुमानता तिचा मिनिस्टर नेल्याची! ती मिटली की गोरगोर त्याच दिवशी सुटेल.

मिटवायला काय लागेल, असं मी विचारलं.

डुक्कर.

पिंपातली अंडी फुटली आहेत. या घडीला करवतीच्या कामावर हजर आहेत ती फक्त बेडकीची पोरं.