सारजाबाईंच्या तपासणीचे इतिवृत्त

आजार एका माणसाला होतो, अपॉइंटमेंट मात्र सबंध भावकीला मिळते. आरोग्य खात्याच्या कोणत्याही परिपत्रकात हा नियम नाही, तरी आमच्या आळे गावात आणि पंचक्रोशीत त्याची अंमलबजावणी चोख आहे. मी पंचायत समितीत एकतीस वर्षे कारकुनी करून निवृत्त झालो. त्यामुळे माझ्या चुलत वहिनी सारजाबाई (वय अठ्ठावन्न, पतीचे नाव सयाजी) यांच्या तपासणीचे इतिवृत्त लिहिण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले.

आळेफाट्याच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी वहिनींचा कार्डिओग्राम काढला, त्या कागदाच्या पट्टीकडे जरा जास्तच वेळ पाहिले आणि हृदयाच्या स्पेशालिस्टच्या नावे चिठ्ठी दिली. हे स्पेशालिस्ट पुण्याहून नारायणगावला महिन्यातून दोनच शनिवार येतात. नंबर लागला तो एकोणीस दिवसांनंतरचा. "उशीर करू नका," असे डॉक्टर म्हणाले होते. उशीर अजिबात झाला नाही. त्याच संध्याकाळपासून माणसे भेटायला येऊ लागली.

एकोणीस दिवसांत चौसष्ट जणांनी येऊन धीर दिला. धीर देण्याची आमच्याकडची रीत अशी की, आधी तोच आजार झालेल्या एखाद्या नातेवाइकाचे उदाहरण काढायचे, ते सावकाश दशक्रियेपर्यंत न्यायचे आणि उठताना म्हणायचे, "पण तुमी घाबरू नका." अशी उदाहरणे एक्केचाळीस भरली. (पैकी हृदयाची तीन. बाकी कावीळ, विंचू आणि एक इसम विहिरीत पडून.) ओतूरहून मुद्दाम आलेल्या कोंडाबाई म्हणाल्या, "आमच्या जावंला बी आस्संच व्हतं. शनवारी दावलं, मंगळवारी सावडलं. पर लई धीराची व्हती बया." या काळात एकशे अठरा कप चहा झाला. चहा कोणी केला हे इतिवृत्तात लिहिण्याचा प्रघात नाही. (पेशंटने केला.)

माझ्या निरीक्षणानुसार पहिल्या आठवड्यात वहिनी घाबरलेल्या नव्हत्या. दुसऱ्या आठवड्यात समाधानकारक प्रगती दिसली.

तांत्रिक मार्गदर्शन फाट्यावरच्या किराणा दुकानाचे मालक फतेचंदशेठ यांनी केले. त्यांच्या स्वतःच्या हृदयात दोन स्प्रिंगा (म्हणजे स्टेंट) बसवल्यापासून हृदय या विषयात त्यांचा शब्द अखेरचा मानला जातो. "तेल पूर्ण बंद करा," असे त्यांनी निक्षून सांगितले. (तेल त्यांच्याच दुकानातून येते, यावरून माणसाचा निःस्वार्थीपणा कळावा.) तेव्हा वहिनी दारातून म्हणाल्या, "मी काय म्हणते, मला नेमकं काय व्हतंय ते..."

"तू बोलू नको, दम लागंल," सयाजी काळजीने म्हणाला. त्या आत गेल्या.

पेशंटने या मुदतीत काही अनावश्यक कामेही काढली. कोणती म्हैस कोणत्या अंगाने पिळू देते, ते सून इंद्रायणीला दोनदा दाखवले. वर्षाचा मसाला अवेळीच करून बरण्या भरल्या. नात श्रेया हिला नवा फ्रॉक शिवला आणि त्याच्या घेराला आत एवढी दुमड ठेवली की, पोरगी आणखी तीन वर्षे वाढली तरी उसवून पुरावी. ती दुमड पाहून इंद्रायणी ओट्याशी उभी राहून रडली. मलाही वाईट वाटले, परंतु इतिवृत्तात वाईट वाटण्याला रकाना नसतो. मी 'किरकोळ' या सदरात नोंद केली.

अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, ओसरीवर बैठक झाली. विषय एकच होता, सोबत कोणी जायचे. जीप ठरवली होती. सयाजी नवरा म्हणून. मुलगा गोरख, कारण त्याला लिफ्ट चालवता येते. थोरले दीर गेणभाऊ, कारण त्यांना वगळले तर ते पुढच्या तीन लग्नांना येत नाहीत. फतेचंदशेठ तज्ज्ञ म्हणून, मी लेखनासाठी. भावकीतला सोपान, कारण त्याचा दवाखान्यातल्या कंपाउंडरशी परिचय होता (कंपाउंडरला तो आठवत नव्हता, हे नंतर समजले). शिवाय चौघे जण टोमॅटोच्या बाजारात उतरणार होते, तेव्हा जाता जाता तेही. उरली पुढची एक जागा, ती फाईलला देण्यात आली. फाईल म्हणजे साडीच्या दुकानाची पिशवी. तिच्यात कार्डिओग्राम, चिठ्ठी, वहिनींचे गेल्या वीस वर्षांतले सगळे कागद, गोरखचे लसीकरणाचे कार्ड आणि रेशनकार्डाच्या चार झेरॉक्स होत्या. मांडीवर धरली तर कागद निसटतात.

"आई कुठं बसंल?" गोरखने विचारले.

गेणभाऊंनी घसा साफ केला. "डाक्टर काय बघतो? फाईल बघतो. मागच्या साली माझं गुडघ्याचं समदं असंच झालं, फोटू गेला, मी घरी. आन हृदयाचं माणूस त्या हायवेच्या धक्क्यात कशाला न्यायचं?" मुद्दा बिनतोड होता. पेशंटची प्रकृती जपण्यासाठी पेशंटला घरी ठेवण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. पेशंट त्या वेळी आत चहा गाळत होत्या.

शनिवारी नारायणगावच्या दवाखान्यात 'सारजाबाई' असा पुकारा झाला, तेव्हा आम्ही सहा जण उठलो आणि आत गेलो. डॉक्टरांनी आमच्याकडे क्रमाने पाहिले.

"पेशंट कोण?"

सयाजीने पिशवी टेबलावर ठेवली.

डॉक्टर संयमी निघाले. त्यांनी चिठ्ठी वाचली, पट्टी पाहिली आणि विचारले, "त्यांना नेमका त्रास काय होतो?" सयाजी म्हणाला, कळ येते. गोरख म्हणाला, दम लागतो. गेणभाऊंनी पित्ताचे निदान केले. फतेचंदशेठ म्हणाले, "ब्लॉकेज आहे, साहेब." सोपान कंपाउंडरला शोधत होता. "दुखतं कुठे?" असे विचारल्यावर आम्ही आपापल्या अंगावर हात ठेवून दाखवले. जागा पाच भरल्या.

"तिनं कधी सांगितलंच न्हाई," सयाजी अखेर खाली बघत म्हणाला.

एवढ्यात दाराशी आवाज आला. बाहेर नंबर पुकारणारी मुलगी कोणाला तरी अडवत होती. "मावशी, आत जागा नाही. सहा नातेवाईक आधीच गेलेत. तुम्ही पेशंटच्या कोण?"

"मीच पेशंट हाय," वहिनी म्हणाल्या. इंद्रायणीने त्यांना एस.टी.ने आणले होते.

डॉक्टर खुर्चीतून उठले आणि त्यांनी आम्हा सर्वांना बाहेर काढले. दार बंद झाले. वहिनी आत बावीस मिनिटे होत्या. एवढा वेळ त्या सलग बोलल्याची नोंद आमच्या भावकीत नाही. बाहेर काहीच ऐकू येत नव्हते. (सोपानने दाराला कान लावला होता, त्याला मुलीने हाताला धरून बाकावर बसवले.)

त्या बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते. हातात कागद होता. गुरुवारी पुण्याला तपासणी, आणि सोबत इंद्रायणी एकटीच येईल, असे त्यांनी परस्पर ठरवले होते. आम्ही सगळे एकदम उठलो.

"काय म्हणलं डाक्टर?" सयाजीने विचारले. त्याचा आवाज कापत होता, हे मी स्वतः ऐकले.

"त्यांनी इचारलं, मी सांगितलं," वहिनी म्हणाल्या आणि एस.टी. स्टँडकडे चालू लागल्या.

इतिवृत्त येथे संपते. त्यात एक रकाना कोरा राहिला आहे, वहिनींना नेमके काय होत होते तो. वाचकांपैकी कोणी विचारले तर इंद्रायणीकडून माहिती घेऊन भरावा, अशा विचाराने मी तो ठेवला होता. तुम्ही पहिल्या ओळीपासून सोबत आहात, मध्ये दोनतीनदा हसलातही, पण विचारले नाहीत. आत्ताही तुमच्या तोंडावर प्रश्न आहे तो, डॉक्टर काय म्हणाले, एवढाच.