डावा नवा, उजवा जुना

"'छान' हा काय रिपोर्ट झाला, बाबा?" पोरगी म्हणाली आणि तिनं पेन कागदावर आपटलं.

सलूनवाल्यानं चहाचा घोट गिळला. "आता छान आहे तर छानच म्हणणार ना? चांगल्या बुटाला उगाच नावं ठेवू?"

"छान म्हणजे काय? टाच दुखते का? बोटं आखडतात का? जुन्या बुटापेक्षा बरा आहे की वाईट, आणि कुठं? आठवडा झाला तुम्ही त्यात पळताय. आज संध्याकाळी मला साहेबांसमोर उभं राहायचंय. माझा पहिला रिपोर्ट आहे हा. त्यात 'छान' एवढंच नेलं, तर दुसरा लिहायला मला ठेवणार नाहीत."

बापानं कप खाली ठेवला. पोरीला बुटाच्या कंपनीत चिकटून महिना व्हायचा होता आणि नोकरी अजून पक्की नव्हती. कंपनीनं पळायचा एक नवा बूट काढला होता. खाली ही जाड गादी, रंग पोपटी. ज्याचा पाय सरळ पडतो त्याच्यासाठी बनवलेला. तसल्या पायाला न्यूट्रल म्हणतात, असं पोरगी म्हणाली. रोज पळणारा, वय झालेला, न्यूट्रल पायाचा माणूस तिला हवा होता. तिनं घरातच शोध लावला. बापाचे पाय ओले करून त्याला फरशीवर चालवलं, ठसे बघितले आणि म्हणाली, "बाबा, तुमचा पाय आतही कलत नाही, बाहेरही कलत नाही. एकदम सरळ आहे."

"पाय तरी सरळ आहे म्हणजे," आतनं बायको बोलली. आणि बोलता बोलता बाहेर आली ती नेमकी त्या पाण्यातनंच गेली. पोरीनं तिचेही ठसे बघितले. तेही सरळ. मापही तेच. नवराबायकोचं चपलेचं माप एक, हा त्या घरात लग्नापासूनचा चेष्टेचा विषय होता. दारातल्या चपला कायम अदलाबदल व्हायच्या आणि भांडण मात्र नव्यानं व्हायचं.

"आणि बाबा, बूट अजून बाजारात आलेला नाही. कुणाला दाखवायचा नाही. सांगायचा नाही," पोरीनं आठवडाभरात शंभरदा बजावलं होतं. जाताना पुन्हा बजावलं. "दुपारी फोन करते. नीट सांगा."

सलूनवाल्याला गुपित सांभाळायला सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण. पण पोरीचा प्रश्न होता. गड्यानं आठवडाभर तोंड शिवून ठेवलं होतं.

तो दारात येऊन बुटांकडं बघत बसला. एकीकडं नवा जोड, एकीकडं टाचा झिजून चपटा झालेला जुना. दोन्हीतला फरक सांगायचा कसा? आणि बसल्या बसल्या त्याच्या डोक्यात उजेड पडला. अरे, आपण नवीन पातं कसं तपासतो? शेजारच्या टेलरला खुर्चीत बसवतो. डाव्या गालावर नवं, उजव्या गालावर जुनं. मग त्याला दोन्ही गालांवरनं हात फिरवायला लावतो. आजवर एकदाही निकाल चुकला नाही. गालाला जे चालतं ते पायाला का चालू नये?

झालं. डाव्या पायात नवा, उजव्या पायात जुना. उरलेला एक नवा आणि एक जुना दारातच राहिला. पोपटी रंग दिसू नये म्हणून नव्या बुटावरनं एक जुना काळा मोजा ओढला. वरनं ढगळ पँट. आणि गडी निघाला पळत.

पळताना एक गोष्ट लगेच कळली. डावा पाय हवेत राहत होता आणि उजवा खड्ड्यात पडत होता. मैदानाला सरळ फेरी मारावी म्हटलं तर गडी आपोआप उजवीकडच्या झुडपात शिरत होता. तीनदा झुडपात गेल्यावर तो म्हणाला, पळणं पुरे. खरी परीक्षा दुकानात. दिवसभर उभं राहायचं तिथं.

दुकान उघडलं तर पहिलंच गिऱ्हाईक गणिताचे मास्तर.

"आज शाळेत सगळ्यांचा फोटो आहे," मास्तर खुर्चीत बसत म्हणाले. "जास्त काही नको. नुसते कल्ले सारखे करा."

सलूनवाल्यानं कापड टाकलं, कात्री घेतली आणि आरशात बघितलं. मास्तर डावीकडं कललेले दिसले.

"मास्तर, सरळ बसा."

"सरळच बसलोय."

"कुठं सरळ? थोडं असं." त्यानं मास्तरांचं डोकं धरून उजवीकडं कलवलं. आता दोघं एका रेषेत आले. मग त्यानं मन लावून कल्ले कापले. एकदम सारखे. मास्तरांनी मान सरळ केली, आरशात बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"हे समांतर नाहीत."

"हलला असाल."

"मी हललो नाही. डावा खाली आहे."

सलूनवाल्यानं डावा वर घेतला. मग उजवा खाली वाटला, तोही वर घेतला. मग पुन्हा डावा. असं करत करत कल्ले कानाच्या वर जाऊन पोचले.

"आता मागनं बघतो," सलूनवाला घाईघाईनं म्हणाला. "मान खाली घाला." आणि मास्तरांनी आरशात बघू नये म्हणून त्यांची मान खालीच दाबून धरली.

एवढ्यात शेजारचा टेलर पेपर मागायला आला आणि दारातच थबकला. टेलरची नजर माणसाच्या तोंडावर जात नाही, खांद्यावर जाते.

"दादा, तुमचा डावा खांदा वर गेलाय."

"नाही रे. सहज."

"खांदा सहज जातो होय वर?" टेलरनं गळ्यातली टेप काढून धरलीसुद्धा. "दीड इंच! आणि हा पाय बघू. पँट वर घ्या जरा. अरे देवा! केवढी सूज ही!"

काळ्या मोज्यातला पाय भोपळ्यासारखा दिसत होता. सलूनवाल्यानं झटकन पँट खाली ओढली. "काही नाही म्हणतोय ना! जा तू. पेपर घे आणि जा."

"तुम्हाला बोलायला त्रास होतोय का?"

"सांगता येत नाही," सलूनवाला म्हणाला. बिचारा खरंच बोलला. पोरीला शब्द दिलेला होता.

टेलर दोन पावलं मागं सरला. त्याच्या मामाचंही असंच झालेलं. आधी एका बाजूला कलला, मग म्हणायला लागला सांगता येत नाही, आणि मग सहा महिने अंथरुणात. पेपर तिथंच टाकून तो आपल्या दुकानात पळाला आणि फोन लावला.

"वहिनी, घाबरू नका."

आता अशी सुरुवात केल्यावर कोण घाबरणार नाही?

"काय झालं?"

"काही नाही. दादा कललेत. अंगावरनं वारं गेल्यासारखं वाटतंय. पाय सुजलाय. मी डॉक्टरला आणतो, तुम्ही या. सावकाश या."

वहिनीनं फोन टाकला, दारात आली, पायात जे आलं ते घातलं आणि पळत सुटली. ही बाई आयुष्यात कधी पळाली नव्हती. बस चुकली तरी पळायची नाही. म्हणायची, "पुढची येईलच की."

इकडं टेलरनं समोरच्या डॉक्टरला अर्ध्या पेशंटवरनं उठवून आणलं.

"दोन्ही हात वर करा," डॉक्टर म्हणाला.

"डॉक्टर, मला काही झालेलं नाही. मास्तरांचे केस खोळंबलेत."

"मला घाई आहे," खाली मान घातलेले मास्तर बोलले. "फोटो आहे."

"हात वर! जीभ काढा. हसून दाखवा." सलूनवाला हसला. दोन्ही बाजूंनी सारखा हसला. डॉक्टरच्या कपाळाला आठी पडली. "चालून दाखवा."

गडी चार पावलं चालला आणि उजवीकडच्या भिंतीला लागला.

"बघा!" टेलर ओरडला.

डॉक्टर गुडघ्यावर बसला, काळ्या मोज्यावरनं अंगठ्यानं सूज दाबली आणि सोडली. पुन्हा दाबली. पुन्हा सोडली. "हे काय? सूज असती तर खड्डा राहिला असता. ही तर दाबली की लगेच वर येतेय. आणि दुखतही नाही?"

"नाही. उलट बरं वाटतं."

"अशी सूज मी जन्मात बघितली नाही," डॉक्टर म्हणाला आणि दाबतच राहिला. त्यालाही बरं वाटायला लागलं असावं.

तेवढ्यात दारात धापा टाकत बायको उभी राहिली. केस विस्कटलेले, घरातलेच कपडे. "अहो!" म्हणत आत आली आणि सरळ नवऱ्याकडं यायच्याऐवजी डावीकडच्या बाकाला जाऊन धडकली.

डॉक्टर उठला. त्यानं नवऱ्याकडं बघितलं. तो उजवीकडं कललेला. बायकोकडं बघितलं. ती डावीकडं कललेली. दोघं शेजारी उभे राहिले तर घराच्या छपरासारखे दिसत होते.

"दोघांनाही?" डॉक्टरचा आवाज बारीक झाला. "एकदम? सकाळी काय खाल्लंत तुम्ही?"

"डॉक्टर," खुर्चीतनं मास्तर म्हणाले, "मला मान खाली घालून ठेवायला लावलीय म्हणून खालचंच दिसतंय. बाईंच्या उजव्या पायात पोपटी बूट आहे. आणि यांच्या मोज्याच्या भोकातनंही पोपटीच काहीतरी बाहेर आलंय."

सगळ्यांनी खाली बघितलं. बायकोनं आधी आपल्या पायाकडं बघितलं, मग नवऱ्याच्या. वाकून तिनं तो मोजा टरकन ओढला.

"म्हणजे तुम्हाला काही झालेलं नाही?"

"तेच सांगतोय कधीचा!"

"कधी सांगितलंत? अहो, जीव अर्धा झाला माझा! एक पाय गादीवर आणि एक दगडावर, अशी आलेय मी घरापासनं. उजवा पाय एकटाच पळत होता, डावा मी नुसता ओढत आणलाय! डाव्या टाचेत कळ बसतेय अजून, उजव्याला पळाल्याचा पत्ता नाही!"

सलूनवाल्याचे डोळे चमकले. "हे पुन्हा सांग बरं."

"आता मार खाल तुम्ही!"

फोन वाजला. पोरीचा होता.

"बाबा, कुणाला सांगितलं नाहीत ना?"

सलूनवाल्यानं डॉक्टरकडं बघितलं, टेलरकडं बघितलं, मास्तरांकडं आणि दारात जमलेल्या चार माणसांकडं बघितलं. "सांगितलं... कुणालाच नाही."

"पोरी, दीड इंच उंच आहे बूट!" मागनं टेलर ओरडला. "टेपनं मोजलाय!"

"दाबला की लगेच वर येतो, हे लिहून घे," डॉक्टर म्हणाला. "मी सात-आठ वेळा दाबून बघितलाय."

"वळणावर जरा डुलतो," बायकोनं फोन हिसकावला. "कोपऱ्यावर पडतच होते मी. तेही लिही. खरं आहे ते लिही."

मग पोरगी हळूच म्हणाली, "थांबा. पेन घेते."

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाप दारात बसला होता. उभं राहून राहून उजवा पाय दुपारपासनंच बोंबलत होता, डावा मात्र सकाळसारखा ताजा. हेही त्यानं दुपारी लिहून घ्यायला लावलं होतं.

"काय म्हणाले साहेब?" त्यानं जीव मुठीत धरून विचारलं.

"दोनदा वाचला त्यांनी. म्हणाले, असा रिपोर्ट आजवर कुणी आणला नाही. पुढचा बूटही मलाच दिलाय." पोरगी चपला काढत हसली. "गुपिताचं विचारलं. मी म्हटलं, टेलरला कळलंय. तर म्हणाले, मग सगळ्यांना कळलं. नाहीतरी पुढच्या आठवड्यात बूट बाजारात येतोच आहे."

बापानं असा श्वास सोडला की दाराचा पडदा हलला.

"फक्त एक राहिलं," पोरगी म्हणाली. "साहेब म्हणाले, ज्या बाई एका बुटावर एवढं पळाल्या, त्यांना दोन्ही घालून पळायला लावा. त्यांचं मत शेवटी लिहा. आई!"

"मी नाही पळणार. वेड लागलंय तुम्हाला," आई म्हणाली. पण बोलता बोलता तिनं दोन्ही पाय पोपटी बुटांत घातले होते. "कोपऱ्यापर्यंत जाऊन येते फक्त."

बापलेक दारात बसून राहिले. कोपरा आला, बाई कोपऱ्यावरनं वळली आणि दिसेनाशी झाली. चहा झाला. पेपर झाला. बाप दोनदा उठून बघून आला. "कललीबिलली तर नाही कुठं?"

मग ती आली. सरळ रेषेत, लाल चेहऱ्यानं, मैदानाला फेरी मारून. पायरीवर बसली आणि पायांकडं बघत राहिली.

पोरीनं कागद पुढं ओढला. "बोल आई. कसं वाटलं?"

आईनं श्वास घेतला, विचार केला, पुन्हा एकदा बुटांकडं बघितलं.

"छान," ती म्हणाली.

पोरीनं बापाकडं बघितलं. बाप आढ्याकडं बघत होता. मग तिनं पेनाचं टोपण काढलं आणि ठळक अक्षरात लिहिलं: छान.